कोल्ह्याच्या मनातलं कुणी लिहिलं?

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीबद्दल बारीकसारीक शंका असतील, म्हणजे ज्या विचारल्या की समोरचा "तुला दुसरं काही काम नाही का" म्हणतो तसल्या, तर पाठवा. तुम्ही ते फारच मनावर घेतलंत. त्यातले निम्मे प्रश्न गरुडांचे आहेत, ते मी मुद्दाम मागे ठेवलेत, कारण एकदा गरुड सुरू झाले की बाकीच्यांना जागा उरत नाही.

प्रश्न: दादा, फ्रोडो, सॅम आणि पिपिन हे तीन हॉबिट (बुटकी माणसं) घरून निघतात त्या पहिल्याच रात्री झाडाखाली झोपलेले असतात आणि एक कोल्हा तिथून जातो. त्याला वाटतं, हॉबिट लोक असे उघड्यावर झोपलेत म्हणजे काहीतरी भानगड आहे. मग लेखक सांगतो की त्याचं बरोबर होतं पण त्याला पुढे काही कळलं नाही. माझं म्हणणं, पुस्तक जर फ्रोडोने लिहिलंय असं मानायचं तर झोपलेल्या फ्रोडोला कोल्ह्याच्या मनातलं कसं कळलं?

उत्तर: वा! हा प्रश्न मला इतका आवडला की मी ते प्रकरण काढून परत वाचलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टोल्किनने असा आव आणलाय की ही गोष्ट त्याची नाहीच, त्याला एक जुनं लाल कातडी बांधणीचं हस्तलिखित मिळालं आणि त्याने त्याचं फक्त भाषांतर केलं. त्या लाल पुस्तकात आधी बिल्बोने (फ्रोडोचा म्हातारा नातेवाईक, आधीच्या ‘हॉबिट’ पुस्तकाचा नायक) लिहिलं, मग फ्रोडोने, आणि जाताना फ्रोडोने शेवटची काही कोरी पानं सॅमला ठेवली. म्हणजे पुस्तकातली प्रत्येक ओळ कुणाला तरी माहीत असायला पाहिजे, आणि कोल्हा त्यात काही बसत नाही.

खरं कारण साधं आहे. सुरुवातीची प्रकरणं लिहिताना टोल्किनच्या डोक्यात १९३७ च्या ‘हॉबिट’चाच पुढचा भाग होता, मुलांना गोष्ट सांगतात तो सूर होता, आणि त्या सुरात कोल्हे विचार करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुढे गोष्ट काळवंडत गेली, सूर बदलला, पण कोल्हा राहिला. गोष्टीच्या आत राहून उत्तर हवं असेल तर माझं मत, हे बिल्बोचं काम आहे. फ्रोडो परत आल्यावर म्हाताऱ्याला सगळं सांगत असणार आणि हा मध्येच म्हणाला असणार, अरे तिथे एखादा कोल्हा टाक ना. याला पुरावा शून्य. पण बिल्बो थापा मारतो हे मात्र छापील आहे, पुढचा प्रश्न बघा.

प्रश्न: माझ्या मामाकडे ‘हॉबिट’च्या फार जुन्या आवृत्तीची प्रत आहे, त्यात गॉलम नावाचा गुहेतला प्राणी बिल्बोला आपली जादूची अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो! माझ्या प्रतीत तसं काही नाही. मामा म्हणतो माझी प्रत कापलेली आहे. कोण बरोबर?

उत्तर: मामांना सांगा, प्रत जपून ठेवा, कुणाला वाचायलाही देऊ नका. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत खरंच तसं आहे. कोड्यांच्या पैजेत जिंकलास तर बक्षीस देईन असं गॉलम कबूल करतो, मग त्याला अंगठी सापडत नाही (ती बिल्बोच्या खिशात असते), तर तो बिचारा चक्क माफी मागतो आणि त्याऐवजी बाहेरची वाट दाखवतो. किती सभ्य गॉलम!

नंतर पुढची गोष्ट लिहिताना अंगठी भलतीच भयंकर निघाली, आणि जी वस्तू कुणाला सुखासुखी सोडवत नाही ती गॉलम बक्षीस म्हणून देईल हे जमेना. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं, तुमच्या प्रतीत आहे ते हे बदललेलं. पण गंमत पुढे आहे. दुसरा कुणी असता तर जुनी चूक गुपचूप गाडून मोकळा झाला असता, टोल्किनने ती गोष्टीतच ओढून घेतली. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रस्तावनेत सरळ लिहिलंय की बिल्बोने आधी आपल्या आठवणींत खोटं लिहिलं होतं, अंगठीवर आपला हक्क दिसावा म्हणून, आणि गॅन्डाल्फ या जादूगाराला तेव्हाच संशय आला. म्हणजे मामांची प्रत ही बिल्बोची थाप आणि तुमची प्रत हे खरं. दोघंही बरोबर, आता भांडू नका.

प्रश्न: बिल्बोचा १११ वा आणि फ्रोडोचा ३३ वा वाढदिवस २२ सप्टेंबरला, गुरुवारी. १७ वर्षांनी फ्रोडोचा ५० वा वाढदिवस, तोही गुरुवारी. लेखकाने वार बघितलाच नाही का?

उत्तर: बघितलाय हो, आपल्यापेक्षा जास्त बघितलाय. हा माणूस चंद्राच्या कला जुळत नाहीत म्हणून प्रकरणं दुरुस्त करत बसायचा.

शायरचं, म्हणजे हॉबिटांच्या मुलखाचं, कॅलेंडर वेगळं आहे, ते चौथ्या परिशिष्टात दिलंय. (मीही परिशिष्टं कित्येक वर्षं वाचली नव्हती, लाज वाटते.) बारा महिने, प्रत्येक ३० दिवसांचा, फेब्रुवारीसुद्धा. झाले ३६०. उरलेले पाच दिवस कुठल्याच महिन्यात नाहीत, दोन वर्षाच्या सांध्यावर आणि तीन ऐन मध्यावर. आता खरी युक्ती, वर्षाच्या मधल्या दिवसाला वारच नाही. तो आठवड्याच्या बाहेर, आणि लीप वर्षाचा जादा दिवसही तसाच. मग मोजायला राहिले ३६४, म्हणजे बरोब्बर ५२ आठवडे. वर्ष दर वेळी शनिवारी सुरू आणि शुक्रवारी संपणार, त्यामुळे तारीख आणि वार कायमचे बांधलेले. मी कागदावर मांडून बघितलं, २२ सप्टेंबरला गुरुवारच येतो, कुठल्याही वर्षी.

मांडता मांडता अजून एक दिसलं. महिन्यांच्या पहिल्या तारखा रवि, मंगळ, गुरु, शनि, सोम, बुध अशा येतात आणि मग पुन्हा तेच, शुक्रवारी एकही महिना सुरू होत नाही. त्यावरून हॉबिट लोकांत विनोद आहे, "एक तारखेच्या शुक्रवारी" म्हणजे कधीच नाही. एका चिल्लर विनोदासाठी अख्खं कॅलेंडर!

तरी प्रामाणिकपणे सांगतो, तुम्ही दिलेले दोन गुरुवार हा काही पक्का पुरावा नाही, कारण आपल्या कॅलेंडरनेही १७ वर्षांत वार १७ ने सरकतो, वर लीपचे चार धरले की २१, आणि २१ ला सातने भाग जातो. पुरावा परिशिष्टातच आहे.

आणि हो, १७ वर्षं हे बरोबर वाचलंत. सिनेमात गॅन्डाल्फ जातो आणि थोड्या दिवसांत धापा टाकत परत येतो असं वाटतं, पुस्तकात मध्ये एक पिढी शाळेतून बाहेर पडेल एवढा काळ जातो.

प्रश्न: गरुडांवर बसून अंगठी थेट मोर्डोरला का नेली नाही?

उत्तर: आलात का! सत्तावीस पत्रं वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, प्रश्न एकच. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अंगठी नष्ट करायला फ्रोडोला पायी मोर्डोरला, म्हणजे दुष्ट सॉरॉनच्या मुलखात, जावं लागतं.) गरुड म्हणजे टॅक्सी नव्हे. गॅन्डाल्फला आयसेनगार्डमधल्या ऑर्थांकच्या मनोऱ्यावरून सोडवतानाच ग्वाइहिर हा गरुड स्पष्ट सांगतो की मला बातमी पोचवायला पाठवलंय, ओझी वाहायला नाही, आणि तो त्याला रोहानपर्यंतच नेतो. शिवाय सगळा बेत लपूनछपून जाण्याचा होता, आभाळातून येणारा प्रचंड गरुड लपणार कसा? हां, अंगठीचं काय करायचं हे जिथे ठरतं त्या रिव्हेन्डेलच्या सभेत कुणी हा विषय काढून खोडायला हवा होता, एक वाक्य पुरलं असतं, तेवढी तक्रार मला मान्य आहे. पुढच्या अंकात गरुड घेणार नाही.

प्रश्न: बॅलरॉगला पंख आहेत की नाही? मैत्रिणीशी अबोला धरलाय यावरून.

उत्तर: बॅलरॉग म्हणजे आगीचा आणि सावलीचा राक्षस, गॅन्डाल्फ त्याला पुलावर अडवतो. त्या प्रकरणात आधी म्हटलंय की त्याची सावली दोन अफाट पंखांसारखी पसरली, आणि थोडं पुढे सरळ त्याचे पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरले असं आहे. तुम्ही "सारखी" धरून बसलात, मैत्रीण पुढचं वाक्य. माझ्या मते पहिल्यांदा उपमा दिली की दुसऱ्यांदा ती धरूनच वाचायची, म्हणजे पंख सावलीचे. आणि पूल तुटल्यावर तो दगडासारखा खाली गेला हे विसरू नका. फोन करा तिला.

प्रश्न: एन्टांच्या बायका शेवटी गेल्या कुठे? सॅमच्या चुलतभावाने पाहिलेलं चालतं झाड हीच एन्टबाई होती ना?

उत्तर: ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: एन्ट म्हणजे झाडांसारखे दिसणारे, चालते-बोलते राखणदार, आणि त्यांच्या बायका फार पूर्वी हरवल्यात. अगदी सुरुवातीला ग्रीन ड्रॅगन नावाच्या पबमध्ये सॅम सांगतो की हॅलने उत्तरेच्या माळावर एल्मच्या झाडाएवढं काहीतरी चालताना पाहिलं, एका ढांगेत सात यार्ड. टेड नावाचा हॉबिट त्याची टर उडवतो, ते एल्मचं झाडच असेल म्हणतो, सॅम म्हणतो तिकडे एल्मची झाडंच नाहीत, टेड म्हणतो मग हॅलला ते दिसणारच कसं, सगळे हसतात, विषय संपतो. पुढे ट्रीबिअर्ड हा म्हातारा एन्ट मेरी आणि पिपिन या हॉबिटांना विचारतो की तुमच्या शायरकडे आमच्या बायका दिसल्या का, त्यांना तुमचा मुलूख आवडला असता. दोघं नाही म्हणतात.

टोल्किनने १९५४ मध्ये एका पत्रात लिहिलंय की त्याच्या मते त्या कायमच्या गेल्या, जुन्या युद्धात सॉरॉनने मुलूख जाळला तेव्हा बागांसकट संपल्या. म्हणजे लेखकाचं मत तुमच्या विरुद्ध आहे.

पण मला वेगळंच खुपतं. पबमधलं ते बोलणं चालू असताना फ्रोडो तिथे नव्हता. म्हणजे ते लाल पुस्तकात आलं ते सॅमने सांगितलं म्हणूनच, सगळं उरकून घरी परतल्यावर. आणि परतताना आयसेनगार्डला ट्रीबिअर्ड पुन्हा मेरी-पिपिनला बजावतो की तिकडे काही कळलं तर निरोप पाठवा, तेव्हा सॅम तिथेच होता. त्याला हॅलची गोष्ट आठवत होती, ती लिहून घ्यावी एवढी महत्त्वाची वाटत होती. मग निरोप गेला का? शेवटची पानं त्याच्याच हातात होती, आणि त्यात हॅलचं नाव नाही.