ब्रॉयलरचं वापरलेलं लिटर (शेडमधलं भुसा आणि विष्ठा मिसळलेलं अंथरूण) गुरांना खाऊ घालता येतं का? पेंडीचा खर्च कमी होईल का?

येतं, पण सगळ्या जनावरांना नाही आणि ताजं तर कधीच नाही. आधी तुमच्याकडचा कायदा बघा. युरोपीय संघात हे चालत नाही. कोंबडीखाद्यात मांस-हाडांची भुकटी असेल, तर सांडलेल्या खाद्यातून ती गुरांच्या पोटात जाते आणि वेड्या गाईच्या रोगाची (बीएसई) भीती राहते.

सुक्या वजनावर लिटरमध्ये साधारण 20 ते 30 टक्के कच्ची प्रथिनं निघतात. हा आकडा बघून लोक हुरळतात. त्यातला मोठा वाटा युरिक आम्लाचा, म्हणजे विष्ठेतल्या नत्राचा असतो, खऱ्या प्रथिनाचा नाही. कोठीपोटातले जिवाणू त्यापासून प्रथिन बनवतात आणि त्यासाठी त्यांना ऊर्जा लागते. म्हणून वाढत्या जनावरांना लिटर आणि मक्याचा भरडा निम्मा-निम्मा, भाकड गाईंना 80:20. म्हणजे पेंड वाचली तरी मका लागतोच, हिशेब तसाच मांडा. सोबत लांब वैरण हवीच, नाहीतर पोट फुगतं. 200 किलोंखालच्या वासरांना मात्र देऊ नका, त्यांना ते पचवता येत नाही.

खरी मेहनत ढीग लावण्यात आहे. ओलावा 20 ते 30 टक्के ठेवा, सुमारे दोन मीटर उंच ढीग दाबून रचा, वरून प्लास्टिक घट्ट झाका आणि किमान तीन आठवडे हलवू नका. आतलं तापमान 54 ते 60 अंश सेल्सिअस हवं. साल्मोनेलासारखे जंतू या उष्णतेनेच मरतात. लांब दांड्याचा थर्मामीटर घ्याच. प्लास्टिक फाटून हवा शिरली की ढीग जास्त तापतो, लिटर काळं पडतं आणि त्यातला नत्र पचेनासा होतो. क्वचित आगही लागते.

मेलेली कोंबडी ढिगात चुकूनही जाऊ देऊ नका. तिच्यामुळे होणाऱ्या बोट्युलिझमने (जिवाणूंच्या विषाने होणारी बाधा) जनावरं लुळी पडून मरतात आणि त्याचं विष ढिगाच्या उष्णतेने जाईलच याची खात्री नसते. खिळे-तारा चुंबकाने काढा. प्रयोगशाळेत लिटरमधली राख (जाळल्यावर उरणारा खनिज भाग) तपासा. 28 टक्क्यांवर गेली तर लिटरमध्ये माती फार आली आहे, ते शेतातच टाका.

दुभत्या जनावरांना मी हे मुळीच सुचवणार नाही, लिटरमधल्या औषधांचे अंश दुधात उतरू शकतात. मांसाच्या जनावरांना कत्तलीआधी किमान 15 दिवस बंद करा. गाभण गाईंना विण्याआधी महिनाभर बंद, कारण लिटरमधल्या जास्त कॅल्शियममुळे विल्यावर दुग्धज्वर (रक्तातलं कॅल्शियम एकदम घटून गाय आडवी पडणं) होऊ शकतो. आणि मेंढ्यांना अजिबात नको. लिटरमधलं तांबं त्यांच्या यकृतात साचून त्या मरतात.