चर्चच्या तरुणांचं काम पत्करलेल्या मुलीच्या आईला

ताई, सप्रेम सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही ऐरोलीत राहता. मुलगी सव्वीस वर्षांची, बी.कॉम., महापेला एका बीपीओत चार वर्षं नोकरी. शाळेत असल्यापासून तुमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, ती संडे स्कूलला (रविवारच्या मुलांच्या बायबल-वर्गाला) मदत करत आली. आता मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी तिला तरुण विभागाची संचालक म्हणून पूर्णवेळ बोलावलं आहे, मानधन सध्याच्या पगाराच्या साधारण निम्मं, आणि तिने हो म्हणून टाकलं आहे. तुम्ही विचारता, याला करिअर म्हणायचं का, की सेवेच्या नावाखाली तिची उमेदीची वर्षं जातील? पत्राच्या खाली तिनेही एक ओळ लिहिली आहे: "सुरुवात कुठून करू, एवढंच सांगा."

तिला थांबवा असं मी सांगणार नाही. तेरा ते पंचवीस या वयातल्या मुलांबरोबर नेटाने उभं राहणारं मोठं माणूस घराबाहेर फार थोड्यांना मिळतं, आणि ते होण्याची इच्छा आणि अंगात धमक असलेली मुलगी तुमच्या घरात आहे. पण मंडळीने हे काम काम म्हणून कागदावर मांडलं आहे का, हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. तुमची काळजी आणि तिचा प्रश्न, दोन्हींचं उत्तर त्या कागदापासून सुरू होतं.

आज तिला बोलावणारे पाळकसाहेब उद्या बदलून जातील. पाळकांच्या बदल्या होतात, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलं आहे. नवे पाळक आले आणि त्यांना हे पद नको वाटलं, तर तिच्या हातात काय उरेल? म्हणून नेमणूक मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीच्या ठरावाने व्हावी, ठराव इतिवृत्तात लिहिला जावा आणि त्यावरून नियुक्तीपत्र निघावं. पत्रात मानधन, ते कोणत्या तारखेला मिळणार, मुदत किती, ती कुणाला उत्तरदायी, कामाचे तास, प्रवासखर्च आणि वर्षाचं बजेट हे सगळं हवं. रविवार तिचा सर्वांत मोठ्या कामाचा दिवस असणार, तेव्हा आठवड्यात दुसरा एक दिवस सुट्टीचा ठरलेला असावा. तो लेखी नसेल तर मिळत नाही. लोक वाईट असतात म्हणून नव्हे. प्रत्येकाला वाटतं, आपलं काम छोटंसंच आहे, पोरगी करेल. चर्चमध्ये पैशाचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो. तिने तो बाजूला ठेवून, सही करण्याआधी, शांतपणे बोलावं. यात श्रद्धेला कुठेही उणेपणा येत नाही.

राजीनामा देताना कंपनीकडून अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर घ्या. पीएफ काढू नका. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो आणि गंगाजळीही जाते. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपेल, तेव्हा तिची स्वतःची पॉलिसी आधी सुरू व्हायला हवी.

आता तिच्या ओळीकडे येते, आणि इथून पुढचं तिला वाचायला द्या.

पहिले तीन-चार महिने नवा कार्यक्रम काढू नकोस. जे आधीच ठरलेलं आहे, मे महिन्यातलं व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) असो की नाताळातलं कॅरल, ते होऊ दे. बाकी वेळ घरभेटींत घाल. कमिटी विचारेल, "नवीन काय?" तेव्हा भेटींची वही दाखव. मंडळीच्या रजिस्टरमधली तरुणांची सगळी नावं काढ आणि कोण येत नाही ते आधी बघ. नवी मुंबईत न येणाऱ्यांची कारणं बहुतेक साधी असतात. वाशीच्या क्लासची टेस्ट रविवारी सकाळी असते. ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांत रात्रपाळी असते. कुणी लांब राहायला गेलेलं असतं आणि रविवारी सकाळी गाड्या बदलून येणं होत नाही. कुणी बारावीत नापास झाल्यापासून लोकांना तोंड दाखवत नाही. ही कारणं कळली की वेळापत्रक आपोआप सुचतं. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा आणि लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवास-प्रार्थनेचा, काळ बहुतेक वर्षी एकमेकांवर येतात. त्या दिवसांत शाळेच्या मुलांना रोजच्या सभेला बोलावण्यापेक्षा संध्याकाळी घरी जाऊन दहा मिनिटं प्रार्थना करून ये. आयांना तुझ्याविषयी जो विश्वास वाटेल तो शिबिराने वाटणार नाही.

भाषेचा आणि गाण्यांचा वाद तुझ्या वाट्याला येणारच. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, मोबाइलवर इंग्रजी-हिंदी वर्शिप गाणी अशी ही मुलं आहेत. त्यांना गिटार हवी, ज्येष्ठांना पेटी-तबला आणि जुनी गीतं. तरुणांची इंग्रजी उपासना वेगळी काढा, असा सल्ला तुला मिळेल. माझं मत विरुद्ध आहे. एकदा वेगळी काढली की दहा वर्षांत मराठी मंडळीत तरुण उरत नाहीत. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यानंतर त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची ख्रिस्ती भजनं रचली, तेव्हा तीही नवीच होती. आज आपण ती जुनी म्हणून जपतो. हे कमिटीत सांग. मुलांना त्यातलंच एखादं भजन गिटारवर बसवायला दे आणि पेटी वाजवणाऱ्या काकांना त्यांच्या सरावाला बोलव. सरावाच्या खोलीत बरेच वाद मिटतात.

तू एकटीने सगळं करू नकोस. पाच-सहा मोठी माणसं जमव: एखादी नर्स, एखादे शिक्षक, नुकतं लग्न झालेलं जोडपं, निवृत्त झालेले बँकेतले काका. मुलांना बोलतं करणं यांतल्या काहींना तुझ्याहून चांगलं जमेल. महिन्यातून एकदा त्यांना घेऊन बस आणि प्रत्येकाकडे ठरावीक मुलं सोपव. तू तापाने पडलीस तरी रविवारी मुलांचं काही अडलं नाही, असं झालं की तुझा पाया पक्का झाला. नव्या संचालकांना सगळी मुलं आपल्याभोवती जमलेली आवडतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण एकाच ताईवर जीव लावलेला गट त्या ताईबरोबरच उठतो.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. मंडळी म्हणजे कुटुंब, इथे कशाला नियम, असं म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण नियम सोडूही नकोस. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका वाटण्यासारखं काही कानावर आलं, तर कलम १९ प्रमाणे स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी कमिटीत बोलू, मंडळीचं नाव जाईल" ही वाट कायद्यात नाही. तू पाळकांना सांगशीलच, पण पोलिसांना कळवायला त्यांची परवानगी लागत नाही. हे पहिल्याच बैठकीत, काही घडलेलं नसताना, सगळ्यांसमोर वाचून दाखव. घडल्यावर कुणाला ऐकू येत नाही.

रोजचे नियम साधेच आहेत. बंद खोलीत एक मोठा आणि एक मूल असं कधी बसायचं नाही, दार उघडं किंवा दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. चौदा वर्षांच्या मुली आणि चोवीस वर्षांचे स्वयंसेवक एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर नकोत. लहानांच्या ग्रुपवर दोन पालक ॲडमिन असावेत. रात्री उशिरा कुणा एका मुलाशी चॅट नको, तू स्वतःही नाही. इन्स्टावर मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घे. शिबिराला मुलींसोबत मुक्कामाला स्त्रिया हव्यातच, प्रत्येक मुलाचं संमतीपत्र, औषधांची माहिती आणि दोन फोन नंबर तुझ्या फाइलमध्ये हवेत. पावसाळ्यात मुलं खारघरच्या पांडवकड्याचा हट्ट धरतील. तिथे माणसं वाहून गेली आहेत आणि पावसाळ्यात प्रवेशबंदी असते. साफ नाही म्हण.

मुलं तुझ्याकडे मन मोकळं करतील. "कुणाला सांगणार नाहीस ना?" असं विचारतील. तसं वचन देऊ नकोस. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत आणावी लागेल" असं आधीच, प्रेमाने सांग. प्रार्थना कर, पण जीव द्यावासा वाटतो म्हणणाऱ्या मुलाला प्रार्थनेबरोबर डॉक्टरही लागतो. टेलिमानस १४४१६ (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) आणि चाइल्डलाइन १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे दोन्ही नंबर तुझ्या प्रत्येक स्वयंसेवकाच्या फोनमध्ये असू देत. घराजवळच्या एका मानसोपचारतज्ज्ञाला गरज पडण्याआधीच जाऊन भेट.

पैशाबद्दल थोडक्यात. शिबिराची फी स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नकोस, एक दिवसासाठीही नाही. पैसे मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यात, पावतीसह. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्ट १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात आणि त्यांचे हिशेब तपासले जातात. तुझा प्रत्येक खर्च त्यात बसला पाहिजे. परदेशातल्या कुणी विदेशी मित्रमंडळींनी तरुणांसाठी पैसे पाठवतो म्हटलं तर आधी खजिनदारांना विचार. विदेशी देणगीला एफसीआरए या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

ताई, आता पुन्हा तुमच्याकडे. पुढे काय, याचा विचार आत्ताच केला तर तिची वर्षं वाया जाण्याचं कारण नाही. दोन वर्षांनंतर मंडळीत राहायचं की बाहेर पडायचं, हे तिला स्वतः ठरवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी शिक्षण लागेल. माझी पहिली पसंती एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीला. पूर्णवेळ करायचं तर देवनारची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) किंवा चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन. काम सांभाळून करायचं तर इग्नूचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम, पण प्रवेशाआधी त्या सत्राची माहिती इग्नूच्या केंद्रात पाहून घ्या. तुम्ही मानसशास्त्रातलं एम.ए. घरबसल्या करण्याविषयी विचारलंत. तो मार्ग यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून बंद केला आहे. कुणी प्रवेश देतो म्हणाला तर पैसे भरू नका. तिचं मन ईश्वरविज्ञानाकडे असेल तर पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे आणि पदवीधराला बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ईश्वरविज्ञानाची पदवी) करता येतं. ते शिक्षण मंडळीतल्या सेवेसाठी मोलाचं आहे, पण मंडळीबाहेरच्या नोकरीत त्याचा उपयोग मर्यादित. ती कुठे जाऊ पाहते, त्यावर हा निर्णय. पहिल्या वर्षात मात्र काहीच सुरू करू नये. आधी काम अंगवळणी पडू दे.

तिने आपल्या कामाची नोंदही ठेवावी: किती मुलांबरोबर काम केलं, किती स्वयंसेवक तयार केले, शिबिराचं बजेट किती होतं, कोणती धोरणं लिहिली. सामाजिक संस्था, वसतिगृहं, शाळा, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) विभाग अशा ठिकाणी ही नोंद अनुभव म्हणून दाखवता येते. "चर्चमध्ये मदत केली" एवढ्याला तिथे कुणी विचारत नाही.

आणि स्थळ आलं की काय सांगायचं, असं तुम्ही लिहिलं आहे. जे आहे ते सांगा, पदाचं नाव घेऊन, मानधनाचा आकडाही सांगा. ज्या घराला हे कमी वाटेल, त्या घरात दर रविवारी तिला कारण देत बाहेर पडावं लागेल. ते आधी कळलेलं बरं.

एक विनंती तुमच्यासाठी. तिच्याबद्दल मंडळीत कुणी तक्रार केली, तर ती तुमच्यामार्फत घरात येऊ देऊ नका. "तिच्याशी किंवा पाळकसाहेबांशी बोला" एवढंच म्हणा. आईचं घर तिला घरच राहू द्या.

नियुक्तीपत्राचा मसुदा हातात आला की सहीआधी मला पाठवा. मुदत, सुट्टी आणि ठरावाचा उल्लेख, या तीन जागा मी आधी बघेन.