तोतया, निवेदक आणि साक्षीदार: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बारा वर्षं बेपत्ता असलेला मुलगा म्हणून एक तोतया घरात शिरतो, अशी माझी कादंबरी आहे. वाचणारे विचारतात, आई आपल्या मुलाला ओळखणार नाही होय?

उत्तर: चेहरा हुबेहूब जुळवत बसू नका. घरच्यांना तो खरा असण्याची गरज का आहे, ते आधी ठरवा. फ्रान्समधल्या एका खेड्यातून मार्टिन गेर १५४८ मध्ये निघून गेला. १५५६ मध्ये आर्नो द्यू तिल त्याच्या नावानं आला आणि बायकोनं, बहिणींनी त्याला घरात घेतलं. बिनसलं ते त्यानं चुलत्याकडे मिळकतीचा हिशेब मागितल्यावर. मग खटल्यात चांभारानं सांगितलं की मार्टिनचं पाऊल याच्यापेक्षा मोठं होतं. पाऊल पहिल्या दिवसापासून लहानच होतं, पण हिशेब निघेपर्यंत ते कुणाला खुपलं नाही.

तेव्हा घरातल्या प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहून काढा: तोतया खरा ठरला तर त्या माणसाला काय मिळतं, आणि फक्त त्या माणसालाच ठाऊक असलेली आठवण कोणती. तोतयाला माहिती पुरवतात तीही घरचीच माणसं. तो म्हणतो, ‘जिन्यावरून पडलो होतो तेव्हा...’ आणि थांबतो. बहीण म्हणते, ‘जिन्यावरून कुठं, झाडावरून!’ वीसेक पानांनी तो आईला झाडाची गोष्ट सांगतो आणि आईच्या डोळ्यांत पाणी येतं. या दोन प्रसंगांच्या मधे दुसरं काहीतरी मोठं घडू द्या. लागोपाठ ठेवलेत तर चलाख वाचक तिथंच पकडेल.

प्रश्न: माझी निवेदकच दुसरीच बाई निघते. शेवट वाचून लोक चिडतात.

उत्तर: बहुधा ती निवेदनात सरळ खोटं बोलत असेल. ‘माझं नाव सुमती’ हे खोटं. ‘इथं सगळे मला सुमती म्हणतात’ हे खरं, आणि पहिल्या वाचनात दोन्ही सारखीच वाटतात. संवादात तिनं हवं तितकं खोटं बोलावं. निवेदनात मात्र गाळावं, चुकीचा अर्थ लावावा, पण ठाऊक असलेलं उलटं सांगू नये. पहिला खर्डा झाला की शेवट माहीत असलेल्या माणसाच्या नजरेनं निवेदनाचं वाक्य न् वाक्य तपासा.

निवेदक बाई की पुरुष हेच लपवायचं असेल, तर मराठी क्रियापदं घात करतात. ‘मी आलो’, ‘मी आले’, ‘मी बघतो’, ‘मी बघते’: एका अक्षरात बिंग फुटतं. पण ‘मी दार उघडलं’, ‘मला ऐकू आलं’, ‘मी जाईन’ यांतून काहीच कळत नाही. ‘म्हणालो’ नको, ‘म्हटलं’ चालेल. अडचण येते ती हालचालीत: येणं, जाणं, बसणं, उठणं. तिथं ‘पाय तिकडे वळले’ असली वाक्यं एखाद्दोन वेळा खपतात, चौथ्यांदा वाचक थबकतो. म्हणून हा डाव दोन-तीन पानांच्या प्रकरणांपुरता ठेवा. पूर्ण कादंबरी अशी ओढली की भाषा लंगडते आणि त्या लंगडण्यातूनच गुपित कळतं.

प्रश्न: अनेक साक्षीदार एका निरपराध माणसाकडे बोट दाखवतात, हे पटेल?

उत्तर: पटेल. १८९६ मध्ये लंडनमध्ये अडॉल्फ बेकला असंच झालं. एकामागून एक बायकांनी फसवणारा हाच म्हणून ओळखलं आणि त्याला शिक्षा झाली. १९०४ मध्ये तो पुन्हा दोषी ठरला. त्याच सुमारास खरा ठग सापडला, म्हणून सुटला. खऱ्या ठगाची सुंता झालेली होती, बेकची नव्हती, आणि ठगाची ती खूण तुरुंगाच्या जुन्या नोंदीत होती. तुमचे साक्षीदार प्रामाणिकच ठेवा. लाच खाल्लेला साक्षीदार आणलात की ओळखीतली चूक उरत नाही, नुसतं कारस्थान उरतं. सुटकेचा पुरावाही असाच पहिल्या शंभर पानांत, एखाद्या कंटाळवाण्या यादीच्या मधोमध ठेवा. यादीच्या शेवटी नको; शेवटचं नाव लक्षात राहतं.