बोट घेतेस तर आधी तिचा तळ बघ

बेटा,

इंग्लंडात बोट घ्यायची म्हणतेस तो तुझा मेसेज काल रात्री वाचला, चारही फोटो पाहिले. पांढरी चकचकीत केबिन, सागवानी डेक, निळ्या गाद्या, आणि खाली विकणाऱ्यानं टाकलंय "तीस नॉट आरामात" (नॉट म्हणजे बोटीच्या वेगाचं माप). एकाही फोटोत बोटीचा तळ नाही! अन् एवढ्यावर तू पागल होऊन राहिली? बर्डीवर चप्पल घेतानासुद्धा तू आधी उलटी करून सोल बघायचीस ना, मग इथे काहून विसरली?

इकडे नवतपा चालू आहे, कूलरसमोर बसून टाइप करतोय, चुका सांभाळून घे. नागपूरचा म्हातारा समुद्रातल्या बोटीवर सल्ला देतो म्हटलं की लोक हसतात, हसू देत, माझी सत्तावीस वर्षं माझगावला बोटींची इंजिनं उघडण्यात गेली हे तुला माहीतच आहे.

आता एक काम कर. बादलीत पाणी घे, त्यावर तळहात आडवा आपट, मग हाताची कड घाल. झालं, अर्धा विषय संपला. सपाट तळाची बोट लाटेवर आपटते, व्ही आकाराची लाट कापते. पूर्वी वेगाच्या बोटींचा तळ पुढे टोकदार असायचा पण मागे जाता जाता सपाट होऊन जायचा. रे हंट नावाच्या अमेरिकन डिझायनरनं तो व्ही थेट शेवटपर्यंत नेला, आणि 1960 च्या मायामी-नसाऊ रेसमध्ये समुद्र खवळलेला असताना त्याच्या डिझाइनची 30 फुटी लाकडी 'मॉपी' ही डिक बर्ट्रमची बोट पहिली आली. त्यावरूनच मग फायबरग्लासची बर्ट्रम 31 निघाली, मागच्या टोकालाही तळाचा उतार 23 अंशांच्या आसपास. अजून लोक ती शोधून शोधून घेतात, आणि ते योग्यच आहे.

तुझ्या साउथहॅम्प्टनजवळ हॅम्बलला फेअरी मरीनवाल्यांनी हंटचाच तळ घेऊन हंट्रेस 23 काढली, मग हंट्समन 28. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे थर गोंदानं चिकटवून ते भट्टीत दाबाखाली शेकायचे, विमानं बनवणाऱ्या कंपनीचं डोकं ते. (आणि बोटी डिझाइन करणाऱ्या सनी लेवीचं नाव ऐकलंस का? जन्म कराचीचा, हात बसला मुंबईत बापाच्या बोटयार्डात, आणि 1963 ची काउज-टॉर्की रेस जिंकणारी 'आ स्पेरान्झिएला' बोट त्याच्याच डिझाइनची. आपल्याकडे कोणाला पत्ता नाही.)

पण डीप-व्ही, म्हणजे असा शेवटपर्यंत व्ही तळ, म्हटलं की सगळं झालं असं समजू नकोस. हे सांगायलाच खरं तर पत्र लिहायला बसलो. तुझ्याकडे नीडल्सच्या खडकांपाशी, खाडीच्या तोंडाला, ओहोटीचं पाणी बाहेर निघतं आणि समोरून नैऋत्येचा वारा येतो, तेव्हा लाटा आखूड आणि उभ्या होतात, तिथे तीस नॉटनं कोणी जात नाही, गेला तर कंबर घेऊन परत येत नाही. शहाणा माणूस बारा-चौदावर येतो. म्हणून विकणाऱ्याला बाराचं विचार, तीसचं नको. बऱ्याच जुन्या रेसिंग जातीच्या बोटी बारा नॉटला धड तरंगतही नाहीत आणि धड उचलल्याही जात नाहीत, नाक आकाशात, पुढचं दिसत नाही, डिझेल मात्र ढसाढसा पितात. ट्रिम टॅब, म्हणजे मागच्या टोकाला तळाशी वरखाली होणाऱ्या पट्ट्या, असतील तर नाक थोडं खाली बसतं, चालू असल्या तर. आणि नांगर टाकून उभी केली की डीप-व्ही आडवी डुलते, तिच्यात चहा ओतून दाखव मला!

म्हणून माझं मत विचारशील तर तू नेल्सन बघ. पीटर थॉर्नीक्रॉफ्टचं डिझाइन, लांब कणा, तळ मागे बराच चपटा पण वेगही बेताचाच, दिसायला पोलीस बोटीसारखी, इन्स्टावर टाकायला काही खास नाही. पायलट लोक, म्हणजे मोठ्या जहाजांवर चढून त्यांना बंदरात नेणारे, ज्यांना हवा बघून सुट्टी घेता येत नाही, ते असल्या बोटी वापरत आले. त्यातच काय ते समज. हंट्समनवरच मन बसलं असेल तर घे, मी भांडणार नाही, पण लाकडी बोटीला खारं पाणी कुजवत नाही, पावसाचं गोडं पाणी कुजवतं, त्यामुळे खिडक्यांच्या कोपऱ्यात आणि डेकच्या सांध्यांत स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघ. फायबरवाली असेल तर प्लास्टिकच्या हातोडीनं डेक ठोकत जा, टणटण चालू असताना मधेच भद्द आवाज आला की आत पाणी मुरलंय.

एक किस्सा सांगतो, आत्ताच आठवला. मे महिन्याचे शेवटचे दिवस, मांडव्याहून गेटवेला परत येत होतो, एका शेठची जुनी विदेशी बोट, दोन डिझेल इंजिनं, नुकतीच मीच सर्व्हिस केलेली. दुपारी वारा वाढला. बोट उसळायला लागली तशी टाकीच्या बुडाशी बसलेला कित्येक वर्षांचा गाळ ढवळून वर आला, डिझेलचे फिल्टर तुंबले, आधी उजवं इंजिन खोकलं, दोन मिनिटांत डावंही, कारण टाकी एकच. बोट लाटांना आडवी. आधी नांगर टाकला. स्पेअर फिल्टर होता हो, पण इंजिनाच्या झाकणावर शेठनं सोफा बसवला होता, आठ स्क्रूंनी. गरम इंजिनावर उलटा लटकून मी ते स्क्रू काढतोय, डिझेलचा वास, वरून शेठ ओकतोय, सातवा स्क्रू घसरून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी बुडाच्या पोकळीत, गेला तो कायमचा. टाकी उघडून बघायची मला सुचली नव्हती, चूक माझीच.

तेव्हा तू टाकीला तपासायचं झाकण आहे का ते बघ, दोन फिल्टर आणि मधे व्हॉल्व्ह आहे का बघ, म्हणजे एक तुंबला तर दुसऱ्यावर जाता येतं, आणि स्वतः इंजिनरूममध्ये उतरून फिल्टरपर्यंत हात पोचतो का तेही. पोचत नसेल तर किंमत कितीही कमी होऊ दे, सोडून दे. पेट्रोलवाली घेऊच नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये साचून बसते आणि एका ठिणगीची वाट बघते.

ट्रायलला जाशील तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे, हात लावून बघ. आधीच गरम करून ठेवलं असेल तर विचार काहून. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, वेग वाढवताना काळा धूर हटतच नसेल तर इंजिनावर लोड जास्त आहे. आणि सगळे लाटांच्या तोंडावर बोट चालवून दाखवतात, तू वळवून लाटा पाठीशी घे. टोकदार नाक पुढच्या लाटेत घुसतं आणि मागचा भाग फिरायला बघतो, तेव्हा सुकाणू किती ऐकतं ते हाताला कळेल. विकणारा नको म्हणाला तर तेच उत्तर समज.

डिझेल तिसऱ्या हिश्शानं मोज, एक जायला, एक यायला, एक तसाच टाकीत.

सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा, तुझ्या पैशानं आण, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. रिपोर्ट आला की मला व्हॉट्सअ‍ॅप कर, आणि या वेळी केबिनचे फोटो नकोत, बोट पाण्याबाहेर काढून खालून काढलेले पाठव, बिल्जचेही, टॉर्च लावून. काकू म्हणते संत्रा बर्फी कोणासोबत पाठवायची ते कळव.

तुझा,
काका