नाशिकमध्ये जुनी गाडी घेऊन, दुरुस्त करून विकण्यात नफा राहतो का? गाडी आधी स्वतःच्या नावावर करावीच लागते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. नफा राहतो, परंतु पेट्रोलवरची अल्टो किंवा वॅगनआर, एमएच-१५ पासिंगची आणि एकाच मालकाने वापरलेली असेल तरच तो सहज सुटतो. दाराचे रबर ओढून पाहावे. कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर दिसले तर ती बाजू मूळची आहे, आणि तेथे लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केलेले असेल तर गाडी ठोकलेली आहे. किलोमीटरच्या मीटरवर विसंबू नये, ब्रेकच्या पेडलचे रबर किती झिजले आहे ते पाहावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला आलेल्या पुरात बुडालेली गाडी सीटखालच्या पट्ट्यांच्या गंजावरून आजही ओळखता येते.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. थोरले मेव्हणे आणि मी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका गाळ्यात भागीदारीत हा धंदा करीत होतो. त्यांची पद्धत अशी होती की विकणाऱ्याकडून फॉर्म २९ आणि ३० या मालकी बदलाच्या अर्जांवर कोऱ्या सह्या घ्यायच्या आणि तेच कागद पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आणखी एक मालक चढला की भाव पडतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. तरीही माझ्या वाट्याच्या गाड्या मी पेठ रोडच्या आरटीओत नावावर करून घेत असे आणि त्यावरून आमचे रोज वाजत असे.

एके दिवशी सिडकोतील एक अंगणवाडी सेविका गाळ्यावर आल्या. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस नीट घडी करून आणली होती. त्यांनी मेव्हण्यांना विकलेली अल्टो कोऱ्या कागदांवरच दोन हात फिरली होती, विमा संपलेला होता, आणि वाडीवऱ्हेजवळ तिने एका दुचाकीस्वाराला उडवले होते. आरसीवर नाव अजून या बाईंचेच होते. मेव्हणे म्हणाले, गाडी विकून मोकळे झाल्यावर आपला काय संबंध? मी त्यांच्यासमोरच बाईंना वकिलाकडे घेऊन गेलो, आणि तेव्हापासून आमची भागीदारी संपली.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईस जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. म्हणून कोऱ्या कागदांवर गाडी फिरवणे म्हणजे विश्वासाने सही करणाऱ्याच्या गळ्यात दुसऱ्याचा अपघात अडकवणे आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि गाडी नावावर करण्याचा खर्च ज्याला परवडत नाही त्याने या धंद्यात येऊ नये.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याखेरीज इसार देऊ नका. १५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला पुनर्नोंदणीचे शुल्क आणि पर्यावरण कर लागतो, तो खरेदीच्या भावातूनच वजा करा. जीएसटी नोंदणी असल्यास खरेदी-विक्रीतील फरकावर १८ टक्के कर आहे. आपण एखादी-दुसरी गाडी न विकता नियमित धंदा करणार असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आरटीओकडून विक्रेता म्हणून अधिकारपत्र घ्या. मालकाने गाडी आपल्याकडे सोपवल्याची ऑनलाइन नोंद झाली की आरसी नावावर न चढवताही कायद्याने आपणच मालक मानले जाता. त्यामुळे भाव पडतो म्हणून कोऱ्या कागदांवर गाडी फिरवायची, या मेव्हण्यांच्या युक्तिवादाला आता काहीच आधार उरलेला नाही, आणि ते हे उत्तर वाचत असतील तर त्यांनी गाळ्याच्या खणातले उरलेले सह्यांचे कागद ज्याचे त्याला परत करावेत.