सीटीत भोक दिसलं म्हणून लगेच ऑपरेशनला पाठवू नको

बेटा,

तुझा मेसेज वाचला. ट्रॅक्टर चालवणारा पस्तिशीतला माणूस, वरातीत डीजे वाजला की उभ्या जागी भवळ येते, स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, गावात मानेचा पट्टा न् चक्करच्या गोळ्या झाल्या, अन् आता सीटीच्या रिपोर्टात सुपिरिअर कॅनलवर, म्हणजे आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या वरच्या नळीवर, हाड नाही असं लिहून आलंय. तू विचारतेस ऑपरेशनला पाठवू का. थांब जरा, एवढी घाई काहून?

आतल्या कानाभोवतीचं हाड, ओटिक कॅप्सूल, म्हणजे शरीरातलं लई टणक हाड, आणि मोठेपणी ते बाकी हाडांसारखं झिजत-भरत बसत नाही. पण सुपिरिअर कॅनलच्या माथ्यावर, जिथं वर लगेच मेंदूचं आवरण टेकलेलं असतं, तिथं हा थर काही जणांत कागदाएवढा पातळ असतो, काहींत नसतोच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या लॉइड मायनर यांनी 1998 साली या भोकामुळं होणारा आजार, सुपिरिअर कॅनल डिहिसन्स, पहिल्यांदा मांडला, आणि 2000 साली हॉपकिन्सच्याच लोकांनी मृत माणसांची हजारेक टेम्पोरल बोन (कानाभोवतीची हाडं) तपासली तर 200 मध्ये साधारण एका हाडात खरं भोक निघालं. सीटीत मात्र त्याहून कितीतरी जास्त भोकं 'दिसतात', कारण जाड स्लाइसमध्ये पातळ हाड पुसलंच जातं.

म्हणून फिल्म बघत बसू नको. सेंटरवाल्याला फोन कर, 0.6 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक स्लाइसचा डेटा पेनड्राइव्हवर माग, आणि कॅनलच्या पातळीला समांतर न् आडवा असे दोन्ही रिफॉरमॅट (त्याच डेटातून नव्या कोनातली चित्रं) काढून घे. कुरकुर करतील, करू दे.

तरी त्याआधी त्याला परत बोलाव. शांत खोलीत बसव, ट्यूनिंग फोर्क घोट्याच्या हाडावर टेकव आणि विचार कुठं ऐकू येतंय. त्रासाच्या कानात आवाज आला म्हणाला तर तो आता बोलेल ते नीट ऐक, बऱ्याचदा हीच माणसं डोळे फिरवले की कानात खरखर होते असंही सांगतात, पण घरचे येडं म्हणतील म्हणून आपणहून बोलत नाहीत. मग फ्रेन्झल गॉगल (जाड भिंगांचा, नजर रोखू न देणारा) लावून त्या कानात मोठा आवाज दे, नाक दाबून जोर लावायला सांग, डोळे त्या कॅनलच्या दिशेत वर-खाली अन् गोल फिरतात का बघ. गॉगलशिवाय बघशील तर पेशंट नजर रोखून धरतो आणि सगळं दडपून जातं.

असं काहून होतं? आतल्या कानाला दोन खिडक्या असतात, ओव्हल न् राउंड, आवाजाचा दाब एकीतून आत येतो अन् दुसरीतून सुटतो. वर भोक पडलं की तिसरी वाट तयार होते, दाब कॅनलमधून निसटतो, तोलाचा अवयव आवाजाने हलतो, आणि हाडातून आलेला आवाज उलट जास्त ऐकू येतो. ऑडिओग्राममध्ये खालच्या फ्रिक्वेन्सीला एअर-बोन गॅप (हवेतून न् हाडातून ऐकू येण्यातला फरक) दिसतो, बोन कंडक्शन शून्य डेसिबलपेक्षाही चांगलं येतं. इथंच लोक फसतात, ओटोस्क्लेरोसिस समजून स्टेपीजचं (मधल्या कानातल्या इवल्याशा हाडाचं) ऑपरेशन करून मोकळे होतात. त्या आजारात हाड स्पंजासारखं मऊ पडून स्टेपीज जखडतं, म्हणून स्टेपिडियल रिफ्लेक्स, म्हणजे मोठ्या आवाजाला स्टेपीजचा स्नायू आवळणं, जातो. इकडं रिफ्लेक्स शाबूत असतो. दोन मिनिटांची टेस्ट आहे गं, हा रिफ्लेक्स मोजणारं इम्पिडन्स मशीन कपाटात ठेवायला घेतलेलं नाही.

व्हेम्प (आवाज देऊन तोलाच्या अवयवाचा प्रतिसाद मोजायची टेस्ट) करायला पुण्या-हैदराबादला पाठवावं लागलं तरी पाठव, थ्रेशोल्ड, म्हणजे प्रतिसाद मिळायला लागणारा किमान आवाज, खूप खाली आलेला असेल तर सीटीला खरा जोर मिळतो. लक्षणं, टेस्ट आणि सीटी तिन्ही एकाच कानाकडं बोट दाखवतात का तेवढं बघ. दाखवत असतील तरी, कामधंदा अडत नसेल तर डीजेपासून लांब रहा एवढ्यावरही बऱ्याच जणांचं भागतं. कॅनल बुजवायचं ऑपरेशन ज्याचं जगणंच अवघड झालंय त्याच्यासाठी, आणि त्यात ऐकू कमी होण्याचा धोका आहे हे त्याच्या बायकोसमोर सांग.

रिफ्लेक्स नि बोन कंडक्शनचा मास्किंग केलेला (दुसरा कान आवाजाने झाकून काढलेला) ग्राफ दोन्ही कानांचा पाठव, सीटीचा डेटा मी रविवारी बघतो.