जुनापाणीची शिळावर्तुळं ही वेधशाळा होती का?

प्रश्न असा आहे की नागपूरजवळ जुनापाणीला असलेली शिळावर्तुळं, म्हणजे मोठ्या धोंड्यांची गोल मांडणी, थडगी नसून सूर्याचे वेध घ्यायला रचली होती, हे खरं का?

नाही. ती दफनंच आहेत. नागपूर परिसरातच माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथं अशाच वर्तुळांच्या उत्खननांत कडेच्या धोंड्यांच्या आत दगडमातीचा भराव आणि त्याखाली काळी-तांबडी भांडी, लोखंडी हत्यारं असंच निघालं. माहूरझरीला तर तांब्याच्या मुखसाजासकट घोडे पुरलेले सापडले. वेधशाळेच्या तर्कात त्या घोड्यांना जागाच नाही.

वेधशाळावाल्यांशी माझं भांडण जुनं आहे. वर्तुळाच्या मधोमध उभं राहायचं, एखादा धोंडा २१ जूनच्या सूर्योदयाशी जुळला की फोटो टाकायचा, हा काय पुरावा झाला? वर्तुळात २० धोंडे धरा. प्रत्येकाला दोन्ही बाजूंना ३ अंशांची सूट दिली, तर ३६० पैकी १२० अंश तिथंच झाकले गेले. आता दोन्ही अयनांतांचे (वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) उदयास्त, संपाताचे (दिवस-रात्र सारखे असतात तेव्हाचे) दोन आणि उत्तर-दक्षिण अशा ८ दिशा घ्या. एक तरी निव्वळ योगायोगानं जुळण्याची शक्यता ९६ टक्के येते! त्यातून ७ मीटरवरचा मीटरभर रुंद धोंडा एकटाच ८ अंश अडवतो. त्यावरून कसला नेमका वेध घेणार?

तपासायचंच असेल तर फोनचं होकायंत्र धोंड्यावर ठेवू नका. काळ्या पाषाणात लोहखनिज असतं, सुई भरकटते. सपाट जागी काठी ओळंब्यात रोवा, तिच्या बुडाभोवती वर्तुळ काढा. सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला जिथं टेकेल ते दोन बिंदू जोडा, ती पूर्व-पश्चिम रेषा. नागपूरला सपाट क्षितिजावर सूर्योदय उत्तरेपासून साधारण ६५ ते ११५ अंशांत फिरतो. ही वर्तुळं रचली तेव्हा, साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी, ही दोन टोकं जेमतेम पाव-अर्धा अंश बाहेर होती, तेव्हा तो फरक सोडून द्या. समोर टेकडी असेल तर मात्र सोडू नका, कारण ती ओलांडून सूर्य दिसेपर्यंत तो दक्षिणेला सरकलेला असतो. हललेले, आडवे पडलेले धोंडे मोजू नका.

एक मान्य करतो. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेत, आणि त्यांच्या दिशांवर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी काम केलंय. तो प्रश्न खरा आहे. दफन करणाऱ्यांनी दिशा पाळली असेलही, पण तेवढ्यानं दफनभूमीची वेधशाळा होत नाही. खळग्यांचे धोंडे मोजाल तेव्हा बिनखळग्यांचेही त्याच कागदावर मांडा.